देवकुंड ते कोर्लई: कुंडलिकेची वाट

होळी उलटली की कोकणातल्या नद्यांची पात्रं उघडी पडतात. कोलाडला मात्र ऐन वैशाखात कुंडलिका फेसाळत धावते आणि तिच्यावर राफ्टिंगच्या होड्या उसळतात. हे पाणी तिला घाटावरून मिळालं आहे.

सह्याद्रीच्या कुशीतलं, भिऱ्याजवळचं देवकुंड हा कुंडलिकेचा उगम मानला जातो. जवळच टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, १९२७ पासूनचं. मुळशी धरणात अडवलेलं मुळेचं पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरतं, वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. धरण नसतं तर ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं; आता ते अरबी समुद्राला मिळतं.

त्यासाठी मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची गावं आणि भातखाचरं बुडाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापटांनी लढ्याचं नेतृत्व केलं, तुरुंगवास सोसला. तरीही धरण झालं.

त्या पाण्यानं खालचं खोरं मात्र फुललं. डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे रोहा-माणगावकडची शेती भिजवतात. रोह्याशेजारच्या धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. रोह्याच्या खाली नदीची खाडी होते, काठाला खाजणं आणि कांदळवनं लागतात. कारखान्यांच्या सांडपाण्यानं मासळी घटल्याची तक्रार इथले कोळी वर्षानुवर्षं करत आले आहेत.

मुखाशी उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई, असे पोर्तुगीजांचे दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत. चौलच्या प्राचीन बंदरात ये-जा करणाऱ्या गलबतांवर त्यांची नजर असे. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. पण कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलली जाते.

कोलाडला येणाऱ्या पर्यटकाला होडीत बसण्याआधी मुळशीची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. तिथल्या शेतकऱ्यांनी घरदार गमावलं तेव्हा हे पाणी इथवर आलं. ते समुद्रापर्यंत स्वच्छ पोचवणं हे कारखानदारांचं, सरकारचं आणि आपल्या सर्वांचं देणं आहे.