चांदीचा रुपया : झळाळी निराळी, प्रत निराळी

आपल्या अनेक व्यापारी घराण्यांच्या तिजोरीत चांदीच्या जुन्या रुपयांची एक पुरचुंडी जपलेली असते. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी ती बाहेर येते. चिंचेने वा राखेने घासून रुपये लख्ख केले जातात आणि पूजनानंतर पुन्हा तिजोरीत जातात. यामागील भाव आदरणीयच आहे; परंतु त्या घासण्यात रुपयाचे संग्रहमूल्य दरवर्षी थोडे थोडे झिजत असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सराफ रुपयाचे वजन पाहतो, संग्राहक त्याची अवस्था पाहतो. ही दुसरी दृष्टी कमावणे म्हणजेच नाण्याची प्रतवारी शिकणे होय.

प्रथम नाण्यावरील सन वाचावा. १८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात चाललेल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा अथवा ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. एवढी परीक्षा घरीही करता येते.

यानंतर झीज पाहावी. नाण्यावरील जो भाग सर्वांत उंच, तो हाताळणीने सर्वांत आधी झिजतो. घरोघरी आढळणारा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या मुकुटावरील बारीक नक्षी, भुवई, मिशा आणि अंगरख्यावरील मानचिन्हाच्या साखळीतील छोटा हत्ती यांवर प्रथम नजर टाकावी. या हत्तीची कथाही रंजक आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुकरासारखा भासला. गहजब झाला, ती नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारण्यात आले. आज संग्राहक त्या १९११ च्या रुपयाचा मुद्दाम शोध घेतात.

प्रतींची नावे इंग्रजी असली तरी अर्थ सोपा आहे. हत्तीची केवळ आकृती उरली, पण अक्षरे व सन सुवाच्य असतील तर ती ‘फाइन’ प्रत. मुख्य तपशील स्पष्ट आणि झीज मध्यम असेल तर ‘व्हेरी फाइन’. केवळ उंच टोकांवर किंचित झीज असेल तर ‘एक्स्ट्रीमली फाइन’. टाकसाळीतून निघाल्यावर चलनात फिरलेच नाही, ते ‘अनसर्क्युलेटेड’. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी गुणपद्धती मांडली; आज तीच जगभर रूढ आहे. तिच्यात ६० आणि त्यापुढील गुण न वापरलेल्या नाण्यांसाठी राखलेले असतात.

नवशिक्याची खरी कसोटी लागते ती झळाळी ओळखताना. न वापरलेले नाणे एका दिव्याखाली कडेने धरून हळूहळू कलते केले, तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा पृष्ठभागावर फिरतो. ही टाकसाळीची मूळ झिलई. घासलेले नाणे नुसतेच चकाकते. त्यावर हा पट्टा फिरत नाही आणि दहापट भिंगातून एकाच दिशेचे केसासारखे बारीक ओरखडे दिसतात. ठसाच मुळात फिका उमटला असेल, तर तपशील पुसट असूनही झिलई शाबूत राहते. झिजलेल्या जागी मात्र ती निस्तेज झालेली असते. उलट, काळाच्या ओघात चांदीवर चढलेली एकसारखी सावळी छटा हा दोष नव्हे. अनेक जाणकार तिला पसंतीच देतात.

आपल्याकडे आणखी एक दोष वारंवार आढळतो. माळेत ओवण्यासाठी रुपयाला कडी लावलेली असते. पुढे ती काढली, तरी किनारीवर डाखाची खूण राहते. दर्शनी बाजू कितीही सुरेख असो, अशा नाण्याची किंमत बरीच उतरते. म्हणून किनार पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

नाणी नेहमी कडेने, मऊ कापडावर धरावीत. रबरबँड व वर्तमानपत्र चांदीला काळे करतात, तर मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आम्लविरहित कागदाची पाकिटे किंवा कडक पारदर्शक डब्या उत्तम.

बँकेत सोनेतारण कर्ज देताना आम्ही अधिकारी स्वतःच्या नजरेवर विसंबत नसू, मूल्यांककाचा दाखला घेत असू. नाण्यांच्या बाबतीतही तेच धोरण ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याची आमिषे दाखवणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेनेच २०२१ मध्ये दिला आहे. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, हे परदेशस्थ आप्तांनाही सांगून ठेवावे.

येत्या दिवाळीत एवढेच करावे. हळद-कुंकू वाहण्यासाठी चांदीचे एखादे नवे नाणे घ्यावे आणि वाडवडिलांचे रुपये न धुता, न घासता, शेजारी एका तबकात मांडावेत. पूजन झाल्यावर नातवंडांच्या हाती भिंग देऊन त्यांना तो हत्ती शोधायला सांगावा. प्रतवारीचा पहिला धडा तेथेच होईल.