लेसच्या नक्षीखालचा आधार

लेस म्हणजे छिद्रांचें वस्त्र होय. परंतु पोकळींत टांका घालतां येत नाहीं. म्हणून काम चालूं असेपर्यंत नक्षीस आधार द्यावा लागतो, व काम संपतांच तो धाग्यास धक्का न लावतां दूर करावा लागतो. या कलेची हौस असणाऱ्या भगिनींनीं प्रथम या आधाराकडे लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें. कारण तो चुकला तर कित्येक महिन्यांचे श्रम शेवटल्या दिवशीं वायां जातात.

फ्रान्समधील आलांसों हें सुईच्या लेसचें जुनें माहेरघर. १६६५ सालीं मंत्री कोल्बेर याच्या पुढाकारानें तेथें राजाश्रित कारखाना निघाला. २०१० सालीं युनेस्कोनें या विद्येचा मानवजातीच्या वारशांत समावेश केला. एका चौरस सेंटिमीटरास तेथें सुमारें सात तास लागतात. तेथील परंपरागत रीत अशी: नक्षी चर्मपत्रावर सुईनें टोंचतात व त्याखालीं जाडेंभरडें कापड दुहेरी घालून शिवतात. रेषेवर धागे ठेवून ते बारीक टांक्यांनीं चर्मपत्र व कापड यांसकट जखडतात. पुढील जाळी या धाग्यांच्याच आश्रयानें वरच्यावर भरतात. शेवटीं कापडाच्या दोन पदरांमधून पातें फिरवितात. तेव्हां जखडणारे टांके तेवढे तुटतात व लेस अखंड सुटते.

यावरून आधाराचे गुण ठरतात. तो ताठ असावा, नाहींतर धागा ओढतांच नक्षी आक्रसते. तो गर्द असावा. आलांसों येथें अठराव्या शतकांत हिरवें चर्मपत्र आलें, तें चूक चटकन दिसावी म्हणूनच. पांढऱ्यावर पांढरा धागा शोधतांना तरुण डोळेही शिणतात, मग सासूबाईंची गोष्ट काय सांगावी! शिवाय तो गुळगुळीत असावा, म्हणजे सुई त्यांत अडकत नाहीं.

घरीं चर्मपत्राची गरज नाहीं. धुतलेल्या मांजरपाटाचे दोन पदर, त्यांवर नक्षीचा कागद व कागदावर निळा किंवा हिरवा पारदर्शक चिकटता प्लॅस्टिकचा पापुद्रा, एवढें पुरतें. पापुद्र्यामुळें शाई धाग्यास लागत नाहीं आणि टोंचलेला कागद फाटत नाहीं. कापड एकेरी घेऊं नये. मग पातें फिरविण्यास जागाच उरत नाहीं. जखडण्यास टोंकदार सुई घ्यावी, जाळी भरण्यास बोथट.

उशीवर टाचण्या टोंचून, फिरक्यांवरील धाग्यांनीं विणावयाच्या लेसची गोष्ट निराळी. तेथें आधारानें टाचणी सरळ धरावयाची असते. म्हणून दाट, गुळगुळीत पुठ्ठा घ्यावा. भोंक सैल झालें कीं टाचणी कलते व जाळीचें घर वांकडें होतें. असा पुठ्ठा पुन्हां पुन्हां वापरतां येतो.

सुईची लेस करणारीनें आरंभीं रुपयाएवढें एकच पान करून तें सोडवून पाहावें. तें न फाटतां, न डागळतां सुटलें व डोळ्यांस शीण वाटला नाहीं, तर त्याच आधारावर मोठी नक्षी निःशंक घ्यावी.