चाळीला कुलूप, तरी कांद्याचं वजन कमी कसं? समजून घ्या 'एन्ट्रॉपी'

जुन्नर/आंबेगाव : उन्हाळी कांदा चाळीत भरताना वजन एक असतं, दिवाळीच्या तोंडावर काढताना कमी भरतं. यामागे निसर्गाचा नियम आहे. या नियमातला मुख्य शब्द 'एन्ट्रॉपी'. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी तो १८६५ मध्ये दिला.

एन्ट्रॉपी म्हणजे काय?
ओतूर किंवा मंचरच्या बाजारासाठी गोळा, गोल्टी, बदला असे ढीग निवडले. ते एकत्र करून फावड्याने हलवले की माल मिसळतो. मिसळलेला ढीग मात्र कितीही हलवा, आपोआप निवडला जात नाही. कारण निवडलेलं राहण्याच्या मांडण्या मोजक्या, मिसळलेलं राहण्याच्या अगणित. शक्य मांडण्या किती, याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. ती आपोआप वाढते. एका जागी कमी करायची तर मेहनत लागते आणि त्या बदल्यात बाहेर ती जास्त वाढते. उष्णतेचंही तसंच. गरम चहा निवतो, निवलेला आपोआप तापत नाही.

चाळीत काय होतं?
काढणीनंतरही कांदा जिवंत असतो, श्वास घेतो. आतली साखर थोडी थोडी जाळून तो पेशींची घडी टिकवतो. त्यातून उष्णता, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय कांदा सुकतो. त्यामुळे चांगल्या कांद्याचंही वजन घटतं. ही ऊब आणि ओल ढिगात कोंडली की सड लागते. म्हणूनच चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूच्या पट्ट्यांत फटी आणि ढीग फार उंच नको.

यंत्राने सुटका होते का?
गावच्या डेअरीचा बल्क कूलर दूध ४ अंशांपर्यंत गार करतो, पण मागून गरम हवा फेकतो. दुधातून जेवढी उष्णता काढली, त्यापेक्षा जास्त बाहेर जाते. वरचा भाग विजेचा, तोच बिलात दिसतो. शीतगृहाचंही तेच.

शेतकऱ्याने काय धरावं?
समजा, १०० क्विंटल कांदा आज १२०० रुपयांनी जातो. ठेवला आणि ७५ क्विंटलच विकण्याजोगा उरला, तर तेवढेच पैसे व्हायला भाव १६०० लागेल. निवडाईची मजुरी वेगळी. भाव वाढेल की नाही सांगता येत नाही, घट मात्र येणारच. म्हणून ठेवायचं ठरवताना आधी घट धरा, मग भाव.