थंडीत डोंगरावरच्या पुस्तकांच्या गावाला

बंगळूरच्या के. आर. पुरममधून बोलतोय. खाली झुलत्या पुलाजवळची गर्दी, टिन फॅक्टरीचे हॉर्न, वरून जाणारी मेट्रो, हा आमचा रोजचा देखावा. डिसेंबर लागला की इथल्या प्रत्येक मराठी घरात एकच चर्चा सुरू होते: नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं? कोणी उटी म्हणतं, कोणी कूर्ग, कोणी गोवा. आज मी तुम्हाला थोडी वेगळी जागा सांगणार आहे. सातारा जिल्ह्यात, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे, डोंगरावर वसलेलं छोटंसं गाव: भिलार. पुस्तकांचं गाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. ते नक्की चालतं कसं, थंडीतच का जायचं आणि बंगळूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा काय उपयोग, या तीन गोष्टी आज समजून घेऊ.

आधी माझी गरज सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. माझी मुलगी सहावीत आहे. घरात मराठी बोलते, अगदी भांडतेसुद्धा मराठीतच. शाळेत इंग्रजी, कन्नड आणि हिंदी. माझी आई कराडला असते आणि रोज सकाळी नातीला मराठीत मेसेज पाठवते. मुलगी फोन माझ्यापुढे धरते: "बाबा, आजीनं काय लिहिलंय ते वाचून दाखव." हिंदीमुळे तिला देवनागरी येते, तरी मराठी मजकूर दिसला की ती थांबते. आजी आणि नात यांच्यामध्ये मी दुभाषी होऊन बसलो होतो, दोघींची भाषा एकच असताना! हे मला खटकत होतं.

आता भिलारकडे वळू. या कल्पनेचं मूळ सापडतं ब्रिटनमध्ये, वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय या लहानशा गावात. रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. एकाची अनेक दुकानं झाली आणि गाव पुस्तकांसाठी ओळखलं जाऊ लागलं. १९७७ मध्ये एक एप्रिलला त्यानं गंमत म्हणून आपलं गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर केलं आणि स्वतः राजा झाला. गंमत जगभर पोचली आणि गावाकडे लोकांची रीघ लागली. पण एक लक्षात घ्या, तिथला पाया खरेदी-विक्रीचा आहे.

भिलारचा पाया वेगळा आहे. महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विभागानं, राज्य मराठी विकास संस्थेमार्फत, हा प्रकल्प उभा केला आणि ४ मे २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं. सुरुवात २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली. पुढे ठिकाणंही वाढली आणि पुस्तकंही. ही ठिकाणं म्हणजे काय? गावकऱ्यांची राहती घरं, लॉज, देऊळ, शाळा. घरमालकानं एक खोली किंवा ओसरी द्यायची. कपाटं, खुर्च्या आणि पुस्तकं शासनाकडून. प्रत्येक घराला एक विषय. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, कुठे संतसाहित्य, कुठे इतिहास, कुठे चरित्रं, कुठे विनोदी लेखन, कुठे दिवाळी अंक, कुठे मुलांची पुस्तकं. बाहेरच्या भिंती चित्रकारांनी त्या त्या विषयाला साजेशा रंगवल्या आहेत. त्यामुळे रस्त्यानं नुसतं चालत गेलं तरी कोणत्या दारात काय वाचायला मिळेल, हे भिंतच सांगते.

पुस्तकं तिथेच बसून वाचायची, फुकट. घरमालकाला मिळतं काय? पाहुणे येतात. कोणाकडे राहण्याची सोय आहे, कोणी जेवण देतं, कोणी शेतातली स्ट्रॉबेरी विकतं. वाचनालय चालवायला पगारी माणूस लागतो. इथे ते काम घर करतं. या योजनेची सगळी ताकद त्यात आहे आणि नाजूकपणाही त्यातच. घरच्यांचा उत्साह टिकला तर कपाट जिवंत राहतं. म्हणून तिथे जाताना आपण कोणाच्या तरी घरात शिरतोय हे विसरायचं नाही. चपला बाहेर, आवाज हळू, पुस्तक होतं त्या जागी परत.

आता थंडीच का? याचं उत्तर पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या बंगळूरच्या पाचपट म्हणा. जून ते सप्टेंबर त्या पट्ट्यात धुकं आणि ओल इतकी असते की कपडे वाळत नाहीत, मग कागदाचं काय होणार! एप्रिल-मेमध्ये हवा चांगली असते, पण शाळांच्या सुट्ट्यांमुळे अख्खा डोंगर माणसांनी भरतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा कोरडी, ऊन कोवळं, आणि दुपारी अंगणात बसून पुस्तक वाचता येतं. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा तेवढा टाळा.

स्ट्रॉबेरीचंही तसंच. पावसाळा सरताना रोपं लावतात आणि साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत फळ चालतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार हे मुळात स्ट्रॉबेरीचंच गाव. सकाळी घरमालक शेतात असण्याची शक्यता असते, म्हणून वाचनाला दहा-अकरानंतर निघालेलं बरं.

थंडीबद्दल एक सावधगिरीची सूचना. बंगळूर स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याला वाटतं, थंडी आपल्या ओळखीची आहे. पाचगणीचा पट्टा सुमारे १३०० मीटरवर आहे आणि वारा उघडा. रात्री पारा दहाच्या आसपास येतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी तर कधीकधी दव गोठलेलं दिसतं. स्वेटर आणि कानटोपी न्याच.

जायचं कसं? के. आर. पुरमहून मेट्रोची जांभळी लाईन ऑक्टोबर २०२३ पासून सलग झाली आहे. गाडी न बदलता थेट मॅजेस्टिकला उतरता येतं. बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन दोन्ही तिथेच. हुबळी, बेळगाव करत मिरजेकडे जाणारी रात्रीची राणी चेन्नम्मा एक्सप्रेस आहे. मिरजेहून एसटीनं सातारा आणि पुढे वाई. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा सरळ महामार्ग. अंतर सातशे किलोमीटरहून जास्त आहे. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर बेळगाव किंवा कोल्हापूरला मुक्काम करा.

वाईत मात्र थांबाच. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती पाहाल, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहाल, पण आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. डोंगराच्या पायथ्याशी विश्वकोश आणि घाट चढून वर गेलं की पुस्तकांचं गाव. हा योगायोग असेल, पण सुंदर आहे. पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून पाच-सहा किलोमीटरवर भिलार.

आम्ही गेलो तेव्हा मुलांच्या पुस्तकांच्या घरात मुलीला बसवलं आणि मी मुद्दाम बाहेर गेलो. परत आलो तर ती एका ओळीवर अडली होती. "बाबा, हा चारा की च़ारा?" ती हिंदीसारखं वाचत होती. मी म्हटलं, "गाय काय खाते?" ती पटकन बरोबर बोलली. "आणि तीननंतर किती?" तेही बरोबर. मग तिच्याच लक्षात आलं, अक्षर एकच, पण 'चार'मधला च वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा. लिहिताना मराठी हा फरक दाखवत नाही. तो बोलणाऱ्याच्या जिभेवर असतो. मंडळी, इथे मला एक उलगडा झाला. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांना वाटतं, आपल्याला मराठी वाचता येत नाही. खरं तर अवघड भाग त्यांना आधीच येत असतो, कारण घरात भाषा कानावर पडलेली असते. हिंदीमुळे लिपीही येते. फक्त दोन्हींची गाठ घालून द्यायची असते. त्याला मोठ्यानं वाचणं लागतं, आणि चुकलं तरी कोणी हसणार नाही अशी जागा.

दोन दिवसांत मूल वाचक होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. परत आल्यावर घरी काही ठेवलं नाही तर सहलीचे फक्त फोटो उरतात. म्हणून तीन कामं करा. भिलारला मुलाला जे पुस्तक आवडेल त्याचं नाव लिहून घ्या आणि परतीच्या वाटेवर कोल्हापुरात किंवा बेळगावात विकत घ्या. घरी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा, एक पान तुम्ही, एक पान मूल. आणि आजी-आजोबांचा मेसेज वाचून दाखवणं बंद करा. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे.

मी ते बंद केलं. पहिल्या आठवड्यात आईचे दोन मेसेज तसेच पडून राहिले, मला वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मुलीनं खोलीतून ओरडून विचारलं, "बाबा, 'सांडगे' म्हणजे काय?" मी म्हटलं, "आजीला विचार." तिनं मराठीत टाइप करून विचारलं. 'सांडगे'मधला अनुस्वार राहिला होता. आईनं चूक दाखवली नाही. सांडगे कसे घालतात ते सविस्तर लिहून पाठवलं, चांगल्या वीस ओळी. मुलीला त्या वाचायला पाऊण तास लागला.

यंदा थंडीत जमलं तर जाऊन या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.