छप्पन्न विरुद्ध शहाण्णव

ही चिप आधी पालथी करू या. बघा, सगळे सोनेरी ठिपके! मोजत बसलात तर जेवायची वेळ होईल, म्हणून मीच सांगतो: ४,८४४. प्रत्येक ठिपका सॉकेटमधल्या एका बारीक वाकड्या पिनवर टेकतो. काही ठिपक्यांतून वीज आत येते, काहींतून मेमरीशी बोलणं चालतं. चिप बसवताना हात घसरला आणि चारदोन पिना वाकल्या, की झालं कल्याण! शिवाय चिप नको तेवढी आवळली जाऊ नये म्हणून हिच्या खोक्यात एक खास स्क्रूड्रायव्हरही येतो. स्क्रू हवा तेवढा आवळला गेला की तो ‘कट्’ असा आवाज करतो. त्यापुढे जोर लावायचा नाही म्हणजे नाही.

हिचं नाव ‘थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स’. कंपनी एएमडी, वर्ष २०२३. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंटेलने आपली ‘झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स’ आणली होती. (असली नावं ठेवतं तरी कोण? बारशाला एखादी आत्या असती तर तिने हे मुळीच खपवून घेतलं नसतं.) दोघी वर्कस्टेशनसाठीच्या चिपा. वर्कस्टेशन म्हणजे अ‍ॅनिमेशनपट बनवणारे किंवा यंत्रांचे आराखडे तपासणारे लोक वापरतात तो दांडगा कॉम्प्युटर. यांची भावंडं मोठमोठ्या सर्व्हरमध्ये असतात.

चिपमध्ये हिशेब करतात ते कोर. इंटेलच्या चिपेत ५६ कोर, एएमडीच्या चिपेत ९६. शिवाय प्रत्येक कोर एका वेळी दोन कामांचे धागे सांभाळतो, म्हणजे इकडे ११२ धागे आणि तिकडे १९२.

मग इंटेलनेही ९६ कोर का नाही घातले? परवडत नव्हतं का? उत्तर शंकरपाळ्यांत आहे. समजा, मोठी पोळी लाटली आणि कणकेत चुकून चार खडे राहिले. पोळीचे चारच मोठे तुकडे केले आणि प्रत्येकात एकेक खडा आला, तर अख्खी पोळी वाया. तीच पोळी शंभर बारक्या शंकरपाळ्यांत कापली तर? फार तर चार फेकायच्या आणि बाकीच्या शहाण्णव तळायच्या. (शहाण्णवच आल्या बघा! मी मुद्दाम नाही हं जुळवलं.)

चिपा ज्या सिलिकॉनच्या तबकडीवर बनतात ती ३० सेंटिमीटर व्यासाची असते. कारखाना कितीही स्वच्छ ठेवा, तबकडीवर कुठे ना कुठे बारीकसा दोष राहतोच. म्हणून एएमडीने ठरवलं, तुकडे लहान कापायचे. एका तुकड्यात फक्त ८ कोर. तुकड्याचं क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस मिलिमीटर, पण त्यात साडेसहा अब्ज ट्रान्झिस्टर! असे १२ तुकडे एका पाटीवर बसवले आणि मधोमध एक वेगळा तुकडा ठेवला. मधल्याचं काम निरोप इकडून तिकडे पोचवण्याचं, मेमरीशी बोलण्याचं. बारा आठे शहाण्णव, झाली चिप.

इंटेलनेही तुकडेच जोडले, पण चारच, आणि प्रत्येक सुमारे ४०० चौरस मिलिमीटरचा. एका तुकड्यात १५ कोर. आता पाढा म्हणा: चार पंधरा साठ. मग ५६ कसे? चार कोर चक्क बंद करून ठेवलेत! एखादा कोर बिघडलेला निघाला तर सगळा तुकडा फेकण्यापेक्षा तेवढा कोर बंद करायचा आणि चिप विकायची. साठच्या साठ कोर चालू असलेली सर्व्हरची चिपही इंटेल विकते. बंद कोरांना मी फसवणूक म्हणणार नाही. छप्पन्न सांगितले आणि छप्पन्न दिले, एवढं मला पुरे आहे.

तुकडे लहान केले की जोड वाढतात, आणि खरी गंमत जोडांत आहे. प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो. थ्रेडरिपरच्या कोराचं घड्याळ जोरात असलं की सेकंदाला ५ अब्ज १० कोटी ठोके देतं. करा भागाकार. एका ठोक्यात प्रकाश जातो फक्त ६ सेंटिमीटर! आणि ही चिप, पाटीसकट, साडेसात सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे या टोकाहून निघालेला प्रकाश त्या टोकाला पोचायच्या आत कोराचा पुढचा ठोका पडूनही गेलेला असतो. तारांतून जाणारे विजेचे निरोप तर प्रकाशाहून हळूच जातात. एका तुकड्यातल्या कोराला दुसऱ्या तुकड्यातल्या कोराकडून काही हवं असेल, तर निरोप मधल्या तुकड्यातून वळसा घालून जातो. त्यात शेकडो ठोके निघून जातात आणि कोर वाट बघत बसतो. इंटेलने चार तुकडे एकमेकांना खेटून ठेवले आणि त्यांच्या कडांखाली सिलिकॉनचे चिमुकले पूल पुरले. एएमडीने उलट प्रत्येक तुकड्यात ३२ मेगाबाइटचा स्वतःचा साठा दिला, म्हणजे दुसऱ्याकडे मागायला जायची वेळ कमी येते. असा सगळा मिळून साठा ३८४ मेगाबाइट. इंटेलच्या चिपेत तो १०५.

तर, वेगवान कोणती? आधी काम कोणतं ते सांगा!

अ‍ॅनिमेशनपटाचं एक चित्र घ्या, ३,८४० ठिपके रुंद आणि २,१६० ठिपके उंच. म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके झाले, आणि पडद्यावर सेकंदाला अशी २४ चित्रं लागतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग काढायचा तर उजेड कुठून आला आणि कशावर आपटला याचा हिशेब करावा लागतो. पण या ठिपक्याचा हिशेब त्या ठिपक्यासाठी अडत नाही. चित्राचे तुकडे करून कोरांना वाटून द्या, जो तो आपापलं काम करत बसतो. इथे शहाण्णववाली चिप सरळ पुढे निघून जाते.

आता दुसरं काम घ्या. एका कोराला ते १०० मिनिटं लागतं, पण त्यातली १० मिनिटं वाटताच येत नाहीत, कारण आधीची पायरी संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. उरलेली ९० मिनिटं ५६ कोरांत वाटली तर सगळं काम सुमारे ११ मिनिटं ३६ सेकंदांत होतं. ९६ कोरांत वाटली तर १० मिनिटं ५६ सेकंदांत. चाळीस कोर जास्त असूनही फायदा जेमतेम ४० सेकंदांचा! जीन अ‍ॅमडाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे बजावून ठेवलं होतं, तेव्हा या चिपा कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या.

सगळ्यात अवघड काम म्हणजे पावसाचा अंदाज. ते तर पुण्यात, पाषाणला चालतं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला. त्यात इंटेलच्या १८ कोरांच्या झिऑन चिपा होत्या आणि ते अठराही कोर एकाच अखंड तुकड्यात होते. २०२४ मध्ये त्याच संस्थेत ‘अर्क’ आला. यात थ्रेडरिपरच्याच घराण्यातल्या ‘एपिक’ चिपा आहेत. त्यांत ४८ कोर, आठ तुकड्यांत सहा-सहा. (त्या तुकड्यांतही जागा आठ-आठ कोरांची. दोन-दोन बंद!)

अंदाज काढायला पृथ्वीचे चौकोन पाडतात. आधी एका चौकोनाची बाजू १२ किलोमीटर असायची. २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये ती ६ किलोमीटर झाली. बाजू निम्मी केली की एका चौकोनाचे चार होतात, म्हणून हिशेब धडाधड वाढतो. वर ढग काही चौकोनात थांबत नाहीत. या चौकोनातला वारा शेजारच्या चौकोनात घुसतो, आणि मग प्रत्येक कोराला दर पायरीला विचारावं लागतं: बाबा रे, तुझ्याकडून माझ्याकडे किती बाष्प आलं? अशा कामात नुसते कोर मोजून भागत नाही. निरोप किती झटपट जातो, मेमरीतून आकडे किती भराभर येतात, तेही तितकंच बघावं लागतं.

मेमरीवरून आठवलं, आपल्या इंटेलच्या चिपेला ४ टेराबाइटपर्यंत मेमरी जोडता येते आणि थ्रेडरिपर प्रोला २. शिवाय एआयला लागणारे आकड्यांच्या कोष्टकांचे गुणाकार करण्याची खास सोय इंटेलच्या प्रत्येक कोरात आहे. मला निवडायला सांगितलं तर अ‍ॅनिमेशनसाठी मी थ्रेडरिपर घेईन. पण एकाच कामात ३ टेराबाइट आकडे मेमरीत धरून बसायचे असतील, तर झिऑनच. शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचाराल तर दोन्ही नकोत. भरपूर काम असलं की दोघी साधारण ३५० वॅट खातात, इंटेलची तर घाईत असली की ४२० पर्यंत जाते. ३५० वॅट म्हणजे तीन तासांत विजेचं एक युनिट, आणि हे नुसत्या चिपेचं!

किंमत? बाजारात आल्या तेव्हा झिऑन ५,८८९ डॉलर, थ्रेडरिपर प्रो ९,९९९ डॉलर. थांबा, महाग कोणती ते इतक्यात ठरवू नका. पहिलीला ५६ ने भागा, दुसरीला ९६ ने. इंटेलचा एक कोर पडतो सुमारे १०५ डॉलरला आणि एएमडीचा १०४ ला.