ग्रामीण स्त्रियांची स्वयंसेवा : जामखेडचा अनुभव आणि गावची शाळा

शाळेच्या कामी गावातील स्त्रियांचे साहाय्य घ्यावे, असे शिक्षकांना वारंवार सांगण्यात येते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकांपैकी असावे लागतात व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. २०२२ साली ‘पहिले पाऊल’ ह्या शाळापूर्व तयारीच्या अभियानात पहिलीत येणाऱ्या बालकांच्या मातांचे गटही गावोगाव स्थापन झाले. कागदावरील व्यवस्था अशी पुरी झाली आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी समितीतील बाई दाराशी उभी राहून सही किंवा अंगठा करते आणि रोजंदारी बुडू नये म्हणून लगबगीने शेताकडे जाते. अशा वेळी शिक्षकांकडून दोन आक्षेप ऐकू येतात : ह्या बायका शिकलेल्या नाहीत आणि त्यांना सवड नाही. दोन्ही आक्षेप नवे नाहीत. अर्धशतकापूर्वी एका तालुक्यात ते कसोटीला लागले होते आणि त्याची हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्याजोगी आहे.

जामखेड हा पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, बीड जिल्ह्याला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. म्हणजे दर सहा पाळण्यांतील एक पाळणा वर्ष उलटण्याच्या आत रिकामा होई. ह्यांपैकी बहुतेक मृत्यू हगवण, धनुर्वात, कुपोषण अशा कारणांनी होत. त्यांना मोठे इस्पितळ लागत नाही, पण वेळेवर जवळ असलेले शहाणे माणूस लागते.

प्रारंभी खेड्यांत शिकलेल्या परिचारिका पाठविण्यात आल्या. तो प्रयोग फारसा साधला नाही. तरुण, परगावची, एकटी राहणारी मुलगी खेड्यात बिचकून राही. आणि चार लेकरांची आई तिचे म्हणणे ऐकून घेई, पण मानीत नसे. तेव्हा गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, हा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. पुष्कळ दलित समाजातील होत्या, काही विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ज्यांना गावच्या चावडीवर कोणी विचारले नसते अशा ह्या बायका ग्राम आरोग्य कार्यकर्त्या झाल्या.

त्यांना शिकविण्याची रीत शिक्षकांनी मुद्दाम पाहावी. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत व एकत्र झोपत. १९७० नंतरच्या त्या वर्षांत ही साधी गोष्ट नव्हती. आरोग्याच्या धड्याइतकाच तोही एक धडा होता. शिकवणी तोंडी चाले. मागील आठवड्यात गावात काय घडले ते प्रथम त्यांनी सांगावयाचे, त्यावर चर्चा व्हावयाची, मग एखादी नवी गोष्ट. ती गोष्ट पुन्हा त्यांनी आपल्या शब्दांत, गाण्यात किंवा कथेत घोळून दाखवावयाची. अध्यापक विद्यालयात पाठटाचणाच्या आरंभी ‘पूर्वज्ञान’ असे एक कलम लिहिण्यास शिकवितात व पुढे बहुधा ते रिवाजापुरतेच उरते. जामखेडला ते कलम खरोखर पाळले गेले. बाळंतपण, पोराचे दुखणे, दाईचे उपाय, गावातील समजुती ह्यांविषयी त्या बायकांजवळ मोठा साठा होता. त्यातील हितकारक भाग ठेवून घातक तेवढा दूर करावयाचा होता.

एक उदाहरण पुरेसे आहे. पोराला हगवण लागली की त्याचे पाणी तोडावे, म्हणजे पोट थांबेल, अशी समजूत खेड्यांत दृढ होती. वरवर ती तर्काला धरून दिसते. आत काही घातले नाही तर बाहेर काय पडणार? परंतु मूल मरते ते हगवणीतून अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. उपाय म्हणून उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते मुलाला घोट घोट पाजीत राहावे. चमचा चहाचा असावा व मिठाचे माप वाढू देऊ नये. अंगावर पिणाऱ्या बालकाचे दूध बंद करू नये. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र तत्काळ दवाखाना गाठावा. हे ज्ञान डॉक्टरने सांगितले असते तर बाईने मान हलविली असती आणि घरी सासूच्या सांगण्याप्रमाणेच केले असते. शेजारच्या बाईने स्वतः चुलीपाशी बसून पाणी पाजून दाखविले, मूल दुसऱ्या दिवशी हसू लागले, तेव्हा सासूही पटली. जिच्यावर घराचा विश्वास आहे तिच्या तोंडून आलेले ज्ञानच उंबरठा ओलांडते. पाचवीच्या वर्गात शिक्षक हाच पाठ घेतील तेव्हा त्यांनी एखाद्या अनुभवी आईला समोर बसवून पाहावे.

ह्या कार्यकर्त्यांनी गर्भवतींची विचारपूस केली, लहान मुलांची वजने घेतली, सुरक्षित बाळंतपणे केली, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण हेरून त्यांना औषधाला लावले. त्यांच्या जोडीला गावोगाव शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. हातपंप दलित वस्तीत किंवा तिच्या लगत बसविण्याचा आग्रह धरण्यात आला. पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथे यावे लागले, आणि शिवाशिवीच्या भिंतीला तडा गेला. १९९० नंतरच्या दशकात ह्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या आत आले होते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो दोन डॉक्टरांच्या नावे असला तरी कामाचा मोठा वाटा घरोघर पायी फिरणाऱ्या त्या बायकांचा होता.

आता सवडीचा व मोबदल्याचा प्रश्न. ह्या बायका पगारी नोकर नव्हत्या. पोट त्यांनी शेतीवर, शेरडांवर, किरकोळ विक्रीवर भरले; त्यासाठी लहान कर्जाची सोय करून देण्यात आली. म्हणजे त्यांची सेवा ऐच्छिक होती, पण त्यांच्या पोटाची चिंता कोणीतरी वाहिली होती. हा भेद महत्त्वाचा आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविकांची योजना आली, तिच्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांची प्रेरणा होती. पुढे त्या बायकांवर सर्वेक्षणांचा व नोंदवह्यांचा भार वाढत गेला आणि त्यांना योग्य मोबदल्यासाठी रस्त्यावर यावे लागले. स्वयंसेवा ह्या शब्दाच्या आडून गरीब बाईचा दिवस फुकट घेणे ह्यास सेवा म्हणता येणार नाही, मग ते काम सरकारचे असो की शाळेचे.

शाळेपुरता विचार करावयाचा तर निवडीपासूनच सावध राहिले पाहिजे. मातांच्या गटाची प्रमुख म्हणून पाटलाच्या किंवा सरपंचाच्या घरची सून नेमणे सोपे असते, परंतु तिच्या घरी खालच्या आळीतील बाई जाईलच असे नाही. वस्तीवस्तीतून एकेक बाई बायकांनीच पुढे करावी. तिला प्रजासत्ताकदिनी रांगोळी काढण्यास व पाहुण्यांना चहा देण्यास बोलवावे, ह्यात गैर काही नाही, पण तेवढ्यासाठीच बोलावले तर ती दुसऱ्या वेळी येणार नाही, आणि न आल्यास तिचा दोष नाही. तिला जे येते तेच प्रथम मागावे. भाकरीच्या चळतीवरून मोजणी, कोठीतील मापांवरून कमी-अधिक, जात्यावरच्या ओव्या, बियाण्यांची ओळख, आजीच्या गोष्टी हे पहिली-दुसरीच्या वर्गाला पाठ्यपुस्तकाइतकेच उपयोगाचे साहित्य आहे. निरक्षर आईला अक्षर येत नसले तरी मुलाने मोठ्याने वाचलेले ऐकून घेता येते, आज काय शिकलास असे विचारता येते, आणि रात्री दहा मिनिटे दिव्यापाशी बसविता येते.

बैठकीची वेळ शाळेच्या सोयीने नव्हे, तर कामाच्या हंगामाने ठरवावी. पेरणी, खुरपणी, वेचणीच्या दिवसांत दुपारी अकराची बैठक म्हणजे मजुरीवर पाणी. संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर, आळीतल्याच पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर बसले तर येणाऱ्यांत कष्टकरी बायका अधिक असतील. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीपासून पुढे कित्येक महिने आईबाप परगावी असतात व नातवंडे आजीपाशी राहतात. तेथे मातांच्या गटात आजीला घेतल्यावाचून गट पुरा होत नाही. ती शाळेची पायरी क्वचित चढते. तिच्याकडे शिक्षकाने आपण होऊन जावे, आणि पहिल्या भेटीत हजेरीचा विषय काढू नये. पोराचे जेवण, त्याचे दुखणे, थंडीची व्यवस्था ह्यांविषयी विचारावे. हजेरीचा विषय बहुधा तीच काढील.