गरम पाणी, कोरडा कातळ

जानेवारीतही पंखा लावून झोपणारी माणसं रत्नागिरीत भरपूर आहेत, मी त्यांतलीच. पहाटे पारा अठरा-वीसच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे निघतो. त्यामुळे आरे-वारेच्या बाजूला एका रिसॉर्टबाहेर ‘गरम पाण्याचा स्विमिंग पूल, लवकरच’ अशी पाटी पाहिली तेव्हा माझं कुतूहल जरा कुत्सितच होतं. या जिल्ह्यात तुरळ, राजवाडी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे अशा ठिकाणी जमीन फुकटात कढत पाणी देते. आणि इथं वीज जाळून पाणी कोमट करायचं?

मालकांना त्याचा राग आला नाही. “या, काम चालू आहे तेव्हाच बघा,” म्हणाले. “डिसेंबरात पुण्या-कोल्हापूरची माणसं येतात, सकाळी पाण्यात पाय घालतात आणि टॉवेल गुंडाळून नाश्त्याला बसतात. मग पूल बांधला कशाला?”

यंत्र दिसायला एसीच्या बाहेरच्या खोक्यासारखंच, फक्त अंगानं दांडगं. काम मात्र उलटं. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. हा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून पाण्यात सोडतो. आतला गॅस हवेतून ऊब घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि तो तापलेला गॅस पाण्याच्या नळीशेजारून जाताना आपली उष्णता देऊन टाकतो. क्लोरीन तांब्याला खातं, म्हणून पाण्याची नळी टायटॅनियमची. वीज लागते ती उष्णता वाहून न्यायला, त्यामुळे एक युनिट वीज खर्चून पाच युनिटांच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. ही युक्ती शास्त्रज्ञ केल्विननं १८५२ मध्ये कागदावर मांडली होती, आणि १९४१ मध्ये, युद्धामुळे कोळशाची टंचाई असताना, झुरिकच्या बंदिस्त तरणतलावात हीट पंप बसले. झुरिकला त्याची गरज होती हे पटतं. पण हवा जितकी उबदार आणि दमट तितकं हे यंत्र स्वस्तात चालतं, म्हणजे ज्या रत्नागिरीला त्याची गरज सगळ्यात कमी, तिथंच ते सगळ्यात खुशीत असतं.

हे सगळं मला सांगितलं ते भाईंनी. नाव छापू नका म्हणाले, म्हणून भाईच. राजिवड्याचे, पन्नाशी ओलांडलेले. आयटीआयमधून वीजतंत्री झाल्यावर उमेदवारीची पहिली वर्षं मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात काढली. “अमोनिया बरा होता,” म्हणाले. “जरा सुटला की नाकच सांगायचं, पळ. ह्या आर-बत्तीसला वास नाही, काही नाही. मुका गॅस.” हा आर-३२ सहज पेटत नाही, पण हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागेत साठतो, आणि कोंडलेला असताना ठिणगी मिळाली तर पेटू शकतो. तो कारखान्यातूनच भरून, बंद होऊन येतो. बसवणाऱ्यानं फक्त पाणी आणि वीज जोडायची, गॅसच्या बाजूला पाना लावायचा नाही.

पहिली कुरबुर इथंच सुरू झाली. खोकं पाहुण्यांच्या फोटोत येऊ नये म्हणून मालकांनी पुलाच्या मागे एक खड्डा तयार ठेवला होता, तिन्ही बाजूंनी चिऱ्याची देखणी भिंत आणि वर फरशी टाकायचा बेत. भाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि मान हलवली.

“शेठ, ह्यात नाय बसवणार.”

“का? एवढी जागा मोजून केली.”

“पंखा थंड हवा फेकतो. भिंतीला आपटून तीच हवा परत आत येणार. मशीन थंड हवेतनं ऊब शोधत बसेल आणि बिल तुम्ही भराल. आणि गॅस कधी सुटला तर ह्या खड्ड्यात पाण्यासारखा बसेल.”

मालक गप्प झाले ते पटल्यामुळे की बिलाच्या उल्लेखामुळे, सांगता येत नाही. यंत्र शेवटी उघड्यावर, आंब्याच्या बाजूला, पुलाच्या काठापासून पाच मीटरवर बसलं. आंतरराष्ट्रीय मानकांत काठापासून दोन मीटर आणि त्यापुढे आणखी दीड मीटर असे दोन पट्टे आखलेले आहेत. त्यांत विजेचं सामान ठेवण्यावर कडक बंधनं आहेत. भाईंना मानकाचा क्रमांक आठवत नव्हता, साडेतीन मीटर मात्र पाठ होतं. समुद्राकडून येणारा खारा वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून मागची बाजू पूर्वेला, पुढे अडीच-तीन मीटर मोकळं, खाली काँक्रीटचा ओटा आणि त्यात चार बोल्ट. हे बोल्ट त्यांनी स्वतः आवळले. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडात काय केलं ते इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पाइपांचं काम अर्ध्या दिवसाचं: पंपातून फिल्टर, फिल्टरमधून हीट पंप, आणि क्लोरीन सोडणारं यंत्र सगळ्यात शेवटी, म्हणजे तीव्र क्लोरीन हीट पंपात शिरत नाही; शिवाय तीन व्हॉल्व्हांचा बायपास, म्हणजे दुरुस्तीसाठी पूल बंद ठेवावा लागत नाही.

हिशोबही तिथंच, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसून झाला. दहा बाय पाच मीटरचा पूल, सरासरी खोली एक मीटर चाळीस, म्हणजे ७०,००० लिटर. एवढं पाणी एक अंशानं तापवायला ८१ युनिट उष्णता लागते, वीज साधारण १६ युनिट. चोवीसवरून एकोणतीसवर न्यायचं तर १७ किलोवॉटच्या या यंत्राला अख्खा दिवस आणि रात्र चालावं लागेल. त्यात गळती वेगळीच. वाऱ्याच्या दिवशी पाच मिलिमीटर पाणी जरी वाफ होऊन गेलं तरी ते २५० लिटर होतं, आणि जाताना ते उरलेल्या पाण्याची दोन अंश ऊब घेऊन जातं. रोज. रात्री पुलावर आच्छादन ओढलं तर यातलं बरंचसं वाचतं. मालकांना आच्छादन नको होतं, कारण सूर्यास्ताचे फोटो. समुद्राकडच्या काठावरून पाणी सांडणारा पूल आहे हा, क्षितिजात मिसळल्यासारखा दिसणारा. तो सांडणारा काठ रात्रभर चालू ठेवला तर गरम केलेलं पाणी वाऱ्याला दाखवत बसल्यासारखंच आहे, पण पाटीवर त्याचाच फोटो आहे.

मी हे सगळं ऐकत होते खरी, पण लक्ष सारखं पलीकडे जात होतं. आंब्याखाली दोन माणसं ब्रेकर लावून कातळ फोडत होती. तांबडी धूळ, क्लोरीनचा उग्र दर्प आणि मधूनमधून भाईंचा आवाज, “अजून खाली.”

तो अर्थिंगचा खड्डा होता.

सड्यावर, म्हणजे इथल्या कातळी पठारावर, माती वीतभर, खाली सलग जांभा. पावसाळ्यात हा दगड पाणी पितो आणि एप्रिलपर्यंत ठणठणीत कोरडा होतो. कोरड्या दगडातून वीज जमिनीत जायला तयार नसते. मातीच्या मुलखात दोन तासांत होणारं काम इथं दोन दिवस खातं. खड्डा, त्यात पाइप, भोवती बेंटोनाइटची भर, वर पाणी ओतायला तोंड. एवढं करून पहिलं रीडिंग आलं ४८ ओहम. ते घेणंही सोपं नव्हतं. मीटरच्या दोन खुंट्या जमिनीत ठोकाव्या लागतात, आणि कातळात खुंटी जाते कुठे? भाईंनी गोणपाटं मिठाच्या पाण्यात भिजवून कातळावर अंथरली, त्यांवर लोखंडी पत्रे ठेवले आणि वायरी त्यांना लावल्या.

४८ आकडा पाहून त्यांनी दुसरा खड्डा घ्यायला सांगितलं. मालक म्हणाले, “भाई, एमसीबी टाकलाय की.”

उत्तर मला उद्देशून आलं. “ताई, तुम्ही लिहा. मशीनच्या पत्र्यात करंट उतरला, तर अठ्ठेचाळीस ओहममधनं जमिनीत जाईल किती? पाचसुद्धा नाही अँपिअर. हा एमसीबी वीसचा. त्याला पत्ताच लागणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील. आणि पुलातनं ओल्या अंगानं माणूस आला, अनवाणी…” वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

म्हणून आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज तो सतत ताडून बघतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे सात वॉटचा एलईडी बल्ब ओढतो साधारण तेवढी वीज. तेवढी छातीतून गेली तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. भाई हा आकडा दिवसातून किती वेळा म्हणाले असतील! केबल ओढताना ३० मिलिअँपिअर, मजुराला ओरडताना ३० मिलिअँपिअर, चहा पितानाही. पुलाच्या दिव्याला हात लावणाऱ्या वेटरला त्यांनी विचारलं, “तीस मिलिअँपिअर म्हणजे किती माहीत आहे?” त्या पोरानं घाबरून हात मागे घेतला.

मी एक शंका काढली. आरसीसीबी ४८ ओहमवरही पडणारच ना? गणितानं तर हजारावर ओहम असले तरी पडेल. मग दुसरा खड्डा का?

“पडेल,” भाई म्हणाले. “आज पडेल. खारी हवा आहे, आतली स्प्रिंग दोन पावसाळ्यांनी अडकली तर? आणि एप्रिलात हा कातळ सुकला की अठ्ठेचाळीसचे किती होतील, मी नाही सांगू शकत.” मग जरा थांबून म्हणाले, “मी काढून टाकलेले आरसीसीबी बघितलेत.” पावसात सारखा खटका पडतो, पाहुणे ओरडतात, म्हणून कुणीतरी तो बाजूला काढून थेट जोड देतं. पाणी वाहत नसेल तर यंत्र चालू होऊ न देणारा फ्लो स्विचही असाच वायरीच्या तुकड्यानं ‘गप्प’ केलेला त्यांनी पाहिला आहे. त्या जागांची नावं त्यांनी सांगितली, मी लिहीत नाही.

दुसरा खड्डा पहिल्याला पट्टीनं जोडल्यावर मीटर नऊवर आला. मग हिरव्या वायरीनं स्टीलची शिडी, रेलिंग, पंपाची मोटर, हीट पंपाचं अंग, सगळं एकमेकांना बांधलं गेलं. पाण्यातल्या माणसाचा एक हात शिडीला आणि दुसरा रेलिंगला असला तरी दोन्हीकडचा विजेचा दाब सारखाच राहावा, म्हणजे अंगातून वीज जायला कारणच उरत नाही. हे काम संपल्यावर दिसत नाही. फरशीखाली जातं.

चाचणीच्या वेळी भाईंनी आधी आरसीसीबीवरचं बटण दाबलं. खटका पडला. मालकांनी टाळी वाजवायची बाकी ठेवली होती. भाई म्हणाले, हे बटण फक्त खटका जिवंत आहे एवढं सांगतं, अर्थिंगबद्दल काही नाही. मग मीटर लावला: २२ मिलिअँपिअरला, म्हणजे तिसाच्या आतच, पडला. आणि मग, मीटरवर विश्वास असूनही, पिशवीतून झिरोचा बल्ब काढला. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये त्यांनी तो धरला. (हे परवानाधारक माणसानंच करावं, आपण घरी नाही.) बल्ब पेटला नाही आणि त्याच क्षणी खटका पडला. दोन्ही एकत्र घडायला हवं. बल्ब पेटला नाही आणि खटकाही पडला नाही, तर खाली अर्थिंगच नाही असं समजायचं. बल्ब पेटलेला राहिला, तर खटका मेलेला. न पेटलेल्या बल्बकडे इतक्या समाधानानं पाहणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

यंत्र सुरू झालं. तासाभरानं ओट्यावर पाण्याचं थारोळं जमलं आणि मालक धावत आले, “नवीन मशीन गळतंय!” भाईंनी क्लोरीन तपासायची पट्टी त्यात बुडवली. रंग बदलला नाही. पुलाचं पाणी असतं तर बदलला असता. हे हवेतलं बाष्प, थंड पत्र्यांवर जमून खाली आलेलं. इथल्या हवेत ते तासाला काही लिटर निघतं, त्याला वाट काढून दिली की झालं.

मालकांनी मोबाइलवरून तापमान ३२ केलं. भाईंनी ते २८ वर आणलं. स्पर्धेच्या तलावाला २५ ते २८ पुरतं, ३३-३४ लागतं ते दुखऱ्या सांध्यांच्या व्यायामाला, आणि पाणी जितकं गरम तितकं क्लोरीन लवकर संपतं. मग भाईंच्या सूचना: रात्री मतलई वाऱ्यात चालवण्यापेक्षा दुपारी हवा तापलेली असताना चालवा, महिन्याला आरसीसीबीचं बटण दाबा, पत्र्यांवरचं मीठ गोड्या पाण्यानं धुवा, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओता, पावसाळ्यात पूल बंद असेल तर यंत्रातलं पाणी काढून मेन स्विच खाली करा. मालक ऐकत होते, नजर मोबाइलवर.

बिलाच्या वेळी यंत्राच्या किमतीवर घासाघीस झाली नाही, ती कंपनीची. केबलवर नाही, तिचं पक्कं बिल होतं. दुसऱ्या खड्ड्याच्या मजुरीवर मात्र मालकांनी बोट ठेवलं. “हा तुम्ही तुमच्या समाधानासाठी केलात.”

भाईंनी फार वाद घातला नाही. मजुरी थोडी कमी केली. मग बिल उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: अर्थिंग ९ ओहम, आरसीसीबी २२ मिलिअँपिअर, तारीख. खाली मालकांची सही घेतली आणि त्याचा फोटो काढून स्वतःकडे ठेवला.